सातच्या पुढचा आकडा

३ सप्टेंबर
नोकरी लागली — म्हणजे अर्धी. कोचकोर गावच्या शाळेत, अकरावीला बीजगणित. हेडमास्तर एसेनबेक म्हणाले, "महिनाअखेरीला खुला तास घे. गाव बघेल, मी बघेन. मग पक्कं." धडा घातांकी समीकरणांचा.

आणि सासऱ्यांचं नाव सेगिझबाय. आमच्या भाषेत सेगिझ म्हणजे आठ. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं तोंडून काढायचं नाही. लिहायला मुभा आहे.

इथे लिहिते: ८, ८, ८. बरं वाटलं.

६ सप्टेंबर
बाजारात म्हटलं, "सात अंडी द्या, वर एक." अंडीवाला म्हणे, "आठ म्हण की." म्हटलं, "तुम्हीच म्हणा." सासूबाई शेजारीच. खूश! रशियनमधून म्हटलं तर चालेल का, विचारून पाहिलं. "कुठल्याही भाषेत म्हण, माणूस तोच," म्हणाल्या. नवऱ्याचंच नाव, म्हणून त्यांनी स्वतः लग्नापासून हा आकडा एकदाही म्हटलेला नाही. शेजारच्या सुनेच्या तोंडून सासऱ्याचं नाव निसटलं, तर तिच्या हातचा चहा अजून घरात कुणी पीत नाही.

११ सप्टेंबर
४ˣ = ८. पहिल्या बाकावरची ऐबीके, महाबिलंदर, विचारते कशी, "बाई, उजवीकडे कोणती संख्या?"

"दोनचा घन," मी. "आता डावीकडेही पाया दोन कर. पाये सारखे झाले की घातही सारखे."

एक्स दीड आला. गंमत अशी, की आता संख्या दिसली रे दिसली की अख्खा वर्ग ती आधी फोडतो. चौसष्ट म्हटलं की एका सुरात "दोनचा सहावा घात". माझं कसलं कौतुक, सगळी सासऱ्यांची कृपा.

१९ सप्टेंबर
थोरले दीर तोगुझबाय. तोगुझ म्हणजे नऊ. तीनचा वर्ग! या घरात नावं कोण ठेवतं, खुदा जाणे.

२९ सप्टेंबर
झाला खुला तास.

वर्ग खच्चून भरलेला. मागच्या बाकावर सासूबाई, शेजारी सासरे, मांडीवर टोपी. सगळं सुरळीत चाललेलं. शेवटी हेडमास्तरांनी स्वतः गणित घातलं — २ˣ = २५६. फोडलं, पाये सारखे केले, x = ८ लिहिलं, खडू ठेवला.

"मागं म्हाताऱ्यांना दिसत नाही. उत्तर मोठ्यानं सांग."

"दोनचा घन," मी.

"म्हणजे किती? पोरांना नको विचारू, तूच सांग."

म्हणावं तर घर जातं, न म्हणावं तर नोकरी. सासूबाईंची नजर माझ्या ओठांवर. हेडमास्तरांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात सासरे उठले. "एसेनबेक, पोरीला कशाला छळतोस? उत्तर मी आहे!"

हेडमास्तर डोळे पुसेपर्यंत हसले. नोकरी पक्की.

३० सप्टेंबर
सकाळी चहा ओतत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "सूनबाई, कालचं ते 'दोनचा घन' मला शिकवशील? मी सातवीच्या पुढची इयत्ता पास आहे. तिचं नाव घेता येत नाही, म्हणून लग्न झाल्यापासून सगळ्यांना सातवीच सांगत आले."