लाल रेघेपेक्षा दोन बोटं कमी

दिघा, मंगळवार, संध्याकाळ

बरेच दिवस वही उघडलीच नाही. आळस, दुसरं काय! आज मात्र डोकं गरम झालंय.

रबाळ्याला एका कंपनीत सिक्युरिटीची भरती होती, म्हणून ताईला घेऊन गेलो. गेटजवळच्या भिंतीवर लाल रेघ मारलेली. डोकं तिथपर्यंत पोचलं तर नोकरी. (बाहेर भजी मस्त तळत होते, पण ते असो.) ताईने अंबाडा पार टाळूवर बांधलेला. सुपरवायझरने तो फूटपट्टीने दाबला आणि हसला, "मॅडम, केसांना पगार नाय देत आपण." दोन बोटं कमी पडली. नोकरी गेली.

घरी आई म्हणते, "आपल्या खानदानातच उंची नाय, पोरी."

कसलं खानदान? बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा ताई वाढत्या वयाची होती. सकाळी चहा-पाव, रात्री परत चहा-पाव. तेव्हाच धाकट्या पिंकीला मावशी कामोठ्याला घेऊन गेली. काकांची पक्की नोकरी, घरात रोज दूध, अंडी. आज पिंकी ताईपेक्षा वीतभर उंच. आईबाप तेच ना? त्या लाल रेघेने आमचे तेव्हाचे रिकामे डबे मोजले, आणि कमी पडली म्हणे ताई!

हेच आईला सुनवायला उठत होतो, तर दारात पिंकी! दिवाळीशिवाय कधी न येणारी. ताईचं कळलं म्हणून तडक आलीये. आमच्या दारातून आत यायला तिला मान वाकवावी लागली. आता दोघी शेजारी उभ्या आहेत, आणि आई एकदा हिच्या डोक्याकडे बघतेय, एकदा तिच्या.