दाराआड काय आहे ते सांगा

ती. ताईस,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला? आमच्याकडे सगळं ठीक आहे, असं लिहायला घेतलं होतं; पण तुझ्याशी खोटं बोलणं मला लहानपणापासून जमलेलं नाही.

ताई, मला फोनवर लुटलं. आख्खा जन्म लोकांची कुलपं उघडण्यात गेला माझा. किल्ली हरवली म्हणून कुणी बोलवायला आलं, की मी आधी विचारतो, दाराआड काय आहे ते सांगा. बरोबर सांगितलं तर घर त्याचं. (आजवर कधी फसलो नाही, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. न विचारता.) परवा बँकेतून म्हणून एकाचा फोन आला. खातं बंद पडतंय, मोबाइलवर आलेला नंबर आत्ताच्या आत्ता वाचून दाखवा म्हणाला. मी काय कच्च्या गुरूचा चेला? म्हटलं, आधी माझ्या खात्यात काय आहे ते सांगा. पठ्ठ्याने नाव, जन्मतारीख, शिल्लक, सगळं घडाघडा सांगितलं! मी खूश होऊन नंबर वाचला, वर आभारही मानले. हिला कमी ऐकू येतं म्हणून कानाच्या यंत्रासाठी साठवलेलं सगळं गेलं.

बँकेतल्या मुलीने तक्रार नोंदवून घेतली. काका, म्हणाली, तो नंबर आम्हीसुद्धा कधी मागत नाही. घाई करणारा फोन आला की ठेवून द्यायचा आणि पासबुकावरच्या नंबरवर आपण फोन करायचा. पैसे परत येतील का, ते सांगता येत नाही. चोरालाही दाराआडचं ठाऊक असू शकतं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी शिरली नाही. फार लाज वाटते गं.

तुझा,
धाकटा

ता. क. हिला काल सांगून टाकलं. ती पाठमोरी भांडी घासत होती. मी रडत रडत सगळं सांगितलं, ती शांतपणे घासत राहिली. केवढं मोठं मन, म्हणून मला भरून आलं. मग वळून म्हणाली, काही म्हणालात का? मी म्हटलं, चहा. तेव्हा तूच तिला चार ओळी लिही.

आणखी एक. हिने आत्ताच सांगितलं, तो बँकवाला आधी हिच्याच फोनवर आला होता. मोठ्याने बोला, मोठ्याने बोला, करून हिने त्याला इतकं ओरडायला लावलं की त्यानेच फोन आपटला. सांगताना खूप हसली. पैसे वाचले बाई, म्हणाली, आता यंत्र लवकर घेऊ. तुमचा आवाज नीट ऐकून किती दिवस झाले.