किल्ली लावून सोडलेली स्कूटर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे तेवीस, बेटावरच्या शाळेत शिक्षिका, घरातली पहिली पदवीधर, पूर्ण भानावर राहून हे लिहून ठेवत आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचा दबाव नाही. न लिहिण्यासाठी मात्र आहे. या वयात मृत्युपत्र कशाला, असे आई विचारते. परवा सकाळी बेकरीवाल्या मावशीनेही दुपारच्या जेवणाचे ठरवून ठेवले होते.

१. पुस्तके धाकट्या बहिणीला. पदवीचे प्रमाणपत्र आईने भिंतीवर आरशाच्या वर लावले आहे, ते तिचेच.

२. माझे हेल्मेट काकांना. निकालाच्या दिवशी ते म्हणाले होते, "शिकून काय, शेवटी स्कूटरच हाकणार." बेटावर हेल्मेट एवढे एकच, आणि ते पाहून काकांना फार हसू येते. आता घालावे.

३. स्कूटर कोणालाही देऊ नये. आमच्याकडे किल्ली गाडीलाच राहते. ज्याला नड असेल त्याने जेटीवरची कुठलीही स्कूटर न्यावी, काम झाले की आणून लावावी. किल्ली काढणारा कद्रू ठरतो. कॉलेजात मी या चालीवर प्रकल्प लिहिला होता. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला.

बाबा बेटावरच्या सगळ्या स्कूटर दुरुस्त करतात. सोमवारी त्यांनी बजावले होते, की ब्रेकची वायर तुटायला आली आहे, उद्या बदलतो, तोवर गाडी काढू नकोस. मंगळवारी मला प्रश्नपत्रिका आणायला पहिली बोट गाठायची होती. हळूहळू जेटीपर्यंत नेली. किल्ली काढायला हात घातला, तोच तिकीटवाला म्हणाला, "काय मास्तरीणबाई, पदवी मिळाली आणि किल्ली खिशात?"

मी ओशाळले. किल्ली तशीच ठेवून बोटीत चढले.

मावशीची गाडी पंक्चर होती. तिने माझी घेतली. मी परतले तेव्हा उतारावर पाव विखुरले होते, आणि कोणी ते उचलत नव्हते.

मावशी भरधाव चालवायची, असे सगळे म्हणतात. ती भरधाव नव्हती. ब्रेक नव्हता, आणि ते मला माहीत होते.

बाबांनी रातोरात नवी वायर बसवली. म्हणाले, "गेलेली परत येणार नाही, तुझी नोकरी मात्र जाईल. गप्प राहा, बाळा." मी बाबांवर रागावलेली नाही. पण तुटकी वायर त्यांच्या भंगाराच्या डब्यातून काढून या कागदाला बांधली आहे.

४. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. कलम तीन तेवढे थांबणार नाही. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, सही डोळ्यांदेखत झाली की पुरे. तरीही मावशीच्या यजमानांना मी हे सगळे वाचायला देणार आहे, आणि त्यांचे वाचून होईपर्यंत समोर उभी राहणार आहे.

ठिकाण: बेकरी, बंद दाराआड. गुरुवार, सकाळ.

सही

साक्षीदार पहिल्या: शाळेच्या मुख्याध्यापिका. न वाचता सही केली.

साक्षीदार दुसरे: बेकरीवाले. सही, आणि त्याखाली त्यांच्याच हाताने:

"दोनदा वाचलं. माफ केलं असं समजू नकोस. उद्या जेटीवर सगळ्यांसमोर वाच. ती भरधाव नव्हती, तिथपासून सुरुवात कर."