फाटकाची रुंदी

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. परवा दुपारी आपल्या दारात जे येऊन उभं राहिलं त्याची यादी आधी देते, म्हणजे पुढचं वाचताना चक्रावणार नाहीस. मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, नग एक, वापरलेलं, नऊ वर्षांचं, उजव्या अंगाला लांबलचक ओरखडा. किल्ल्या चार, त्यातली एक कशाची ते विकणाऱ्यांनाही ठाऊक नाही. पाणी भरायची नळी एक. उतारावर चाकाखाली लावायचे ठोकळे दोन. माहितीपुस्तक एक, मधली पानं सुटलेली होती, ती मी सुईदोऱ्यानं शिवून घेतली. किंमत: आपली जुनी मोटर विकून आले ते, माझ्या ठेवीची एक पावती, आणि नव्या स्वयंपाकघरासाठी बाजूला ठेवलं होतं ते सगळं. जुन्या ओट्यावर अजून दहा वर्षं सहज निघतील.

तुला वाटेल आईचं डोकं फिरलं. जी बाई काडेपेटीतल्या काड्या मोजते तिनं घर घेतलं, तेही चाकांचं! शेजारीणबाईंनी तर दोनदा येऊन हात लावून बघितलं. पण हे सगळं तुझ्या गेल्या पत्रानं झालंय. पत्रात बाळाचा फोटो होता, दोन दात दिसत होते, आणि शेवटी तू लिहिलं होतंस की बाबांचा राग चार वर्षांत गेला नाही, आता मीही बोलावणं थांबवते. वाचून दाखवताना ती ओळ मी गाळणार होते. पण हे माझ्या खांद्यावरून आधीच वाचून मोकळे झाले होते. फोटो घेऊन मागच्या अंगणात गेले, तासाभरानं आले आणि म्हणाले, चाकांवरचं घर मिळतं म्हणे आजकाल, त्यात सगळं असतं. ‘सगळं’ म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. मला काय ते कळलं. तुलाही कळेल, पण मला क्रमानं सांगू दे, मधूनच शिरले तर मीच अडखळेन. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच. तू रडली असतीस, मी रडले असते, आणि मुद्द्याचं राहून गेलं असतं.

हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर मी तीन दुकानांचे पत्ते लिहिले आणि खाली सतरा प्रश्न. पहिलं दुकान म्हणजे नुसती काच. जमीन इतकी गुळगुळीत की मी यांचा दंड धरूनच चालले. टाय लावलेला विक्रेता पुढे आला. यांनी विचारलं, भरलेल्या गाडीचं वजन किती? तो म्हणाला, दोन माणसांचं असून असून किती असणार, काका! टायर कुठल्या सालचे? नवीनच असतील. मागची चाकं जोडीची की एकेरी? तो खाली वाकून बघून आला आणि म्हणाला, दोन्ही बाजूंना आहेत. तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवलेल्या माणसानं यावर काय बोलावं? यांनी खिशात हात घातले. मग तो आम्हाला छताचे दिवे दाखवायला लागला. अकरा रंगांचे होतात. मी म्हटलं, दिवे राहू द्या, संडास दाखवा. तो हसला. दार उघडलं तर आत माहितीपत्रकांचे गठ्ठे, घडीच्या चार खुर्च्या आणि कुणाची तरी ओली छत्री. काकू, लोक सहसा ते बघत नाहीत, म्हणाला. मी म्हटलं, का, लोक सहसा जात नाहीत? त्यावर त्यानं मला एक जाडजूड माहितीपुस्तक काढून दिलं. मी जावं म्हणूनच दिलं, पण दिलं. चार दुपारी पेन्सिल घेऊन मी ते सगळं वाचून काढलं. मॅट्रिकला इतकं वाचलं असतं तर शाळेत पहिली आले असते.

दुसऱ्या ठिकाणी दोन विक्रेते होते. एकाला काही विचारलं की तो म्हणायचा, ते याला माहीत आहे, आणि दुसऱ्याला विचारलं की तो म्हणायचा, ते त्याच्याकडे असतं. नळ सोडला तर पाणी नाही. एकानं नळाला टिचक्या मारल्या, मग चक्क फुंकर घातली. मी म्हटलं, भाऊ, आधी पंपाचं बटण दाबा, दाराच्या वर असेल. दाबलं, पाणी आलं. शेजारच्या गाडीत एक नवराबायको होते, ते उठून माझ्याकडेच आले आणि गॅस कुठून बंद करायचा ते विचारायला लागले. मीही सांगितलं. हे माझ्या कानाशी म्हणाले, आधी पगार ठरवून घे. चिमे, किती महिन्यांनी हे असं काहीतरी बोलले म्हणून सांगू! मला तिथेच देवाला हात जोडावेसे वाटले. आणि त्याच भरात मी चुकले. वही उघडून मी विचारलं, मैल्याची टाकी केवढी, दोघांना किती दिवस पुरते, रिकामी कुठे करायची? तो विक्रेता सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला. अहो काकू, वाटेत हॉटेलं असतात की! संडासाचं एवढं काय घेऊन बसलात? दोनचार माणसं वळून बघायला लागली. मी मागे पाहिलं तर हे नव्हते. बाहेर मोटरीत जाऊन बसले होते, काच वर करून. मोटर सरळ घरी आणली. फाटकाशी म्हणाले, झालं तेवढं खूळ पुरे. फोटो मात्र शर्टाच्या खिशात होता, वरचं टोक दिसत होतं.

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि मी सरळ भांडले. म्हटलं, इतक्या वर्षांत तुझ्याकडे मी उधारीवर काही मागितलं नाही, आज मागते. यांचं हे खूळ जाऊ देऊ नकोस. हे खूळ गेलं तर माझी लेकही गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी यांना म्हटलं, वहीत तिसरा पत्ता राहिलाय, पेट्रोल भरून ठेवलंय, ते काय वाया घालवायचं? पेट्रोल वाया जायला नको म्हणून उठले. तुला ठाऊक आहे, या घरात देवानंतर तोच एक धाक आहे.

तिसरं ठिकाण म्हणजे वापरलेल्या गाड्यांचं आवार. पत्र्याची शेड, तेलाचे डाग, टेबलावर चहाचे गोल. माझ्याच वयाच्या आसपासची एक बाई पुढे आली आणि पहिल्या वाक्यालाच म्हणाली, मला यातलं अजून काही येत नाही हो, आठवडाच झालाय, त्याआधी एकवीस वर्षं चपलांच्या दुकानात होते, ते बंद पडलं. मी मनात म्हटलं, झालं, आगीतून फुफाट्यात! वही पिशवीत टाकली. पण तिनं एका गाडीचं दार उघडलं, यांना पायरीवर बसायला लावलं आणि स्वतः समोर एक पालथं खोकं ओढून बसली, पावलाचं माप घ्यायला बसावं तशी. म्हणाली, काका, आमच्या दुकानात नग दाखवायच्या आधी विचारायचो, त्रास कुठे होतो. तुम्ही तेवढं सांगा, बाकीचं मी पुस्तकात शोधते.

मी सवयीनं मधे पडायला तोंड उघडलं. चार वर्षं तेच करतेय. यांनी हातानं मला थांबवलं आणि जमिनीकडे बघत बोलायला लागले. मला लघवी धरवत नाही, म्हणाले. तासाभरात जावं लागतं, कधी त्याच्याही आधी, आणि कळतं तोवर उशीर झालेला असतो. तीस वर्षं बस चालवली. मधे थांबवा म्हणणाऱ्याला मी म्हणायचो, घरून जाऊन यायचं. कुणासाठी थांबवली नाही. मुलीच्या लग्नाला निघालो, तिसऱ्या थांब्यावर उतरून घरी परत आलो.

वाचलंस ना, चिमे? निघाले होते. तू स्वतः मुलगा पसंत केलास तेव्हा आठ दिवस कुरकुरले, हे खरं. पण नवव्या दिवशी शिंप्याकडे कोट शिवायला टाकून आले. तुझ्या गावाला रेल्वे नाही, म्हणून बसनं निघालो. चालक यांच्याच हाताखाली शिकलेला, यांना बघून उभा राहून नमस्कार केला त्यानं. नुसतं थांब म्हणाले असते तरी त्यानं गाडी आनंदानं थांबवली असती. पण यांच्या तोंडून शब्द फुटेना. कपाळावर घाम, दोन्ही हातांनी पुढची दांडी धरलेली. नंतर मी माझी शाल यांच्या मांडीवर टाकली. तिसऱ्या थांब्यावर हे उतरले, तुझ्या आहेराची पेटी पोटाशी धरून, कोट दिसू नये म्हणून. आधी मला देवाची शपथ घालून शब्द घेतला की हे कुणाला सांगायचं नाही, चिमीला तर मुळीच नाही. मग पेटी खिडकीतून माझ्या हातात दिली. मी एकटी आले आणि ताप आलाय म्हणून सांगितलं. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि मी खोटं बोलतेय हे तुला कळलं. फक्त खरं काय ते तू वेगळं धरलंस. आणि मी तुला ते धरू दिलं. बापाला रागीट ठरवणं सोपं गेलं मला. तेवढी माझी चूक आहे, ती मी कुणावर ढकलत नाही.

डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. हृदय कमजोर म्हणून शस्त्रक्रिया नको म्हणतात. आपल्या मोटरीनं येऊ म्हटलं तर दर तासाला रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, तेही ज्या रस्त्यावर प्रत्येक बसवाला हात करतो त्या रस्त्यावर! मेलो तरी नको, म्हणाले. मग कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जाणंच सुटलं. तू फोनवर बाबा कुठेत विचारायचीस तेव्हा हे माझ्यासमोर खुर्चीत बसलेले असायचे, आणि मी सांगायचे, बाहेर गेलेत.

त्या बाईला मी जन्मभर विसरणार नाही. ती हसली नाही आणि तिनं कीवही केली नाही. म्हणाली, मग आधी तेवढंच बघू, दिवेबिवे नंतर. आणि आवारातल्या पाच गाड्या तिनं एकापाठोपाठ उघडल्या. चपलेसारखंच चाललं होतं सगळं. बसून बघा काका. आता उठून बघा. गुडघा दाराला लागतोय का? लागतोय? मग ही राहू द्या. एकीत यांचे खांदे मावेनात, एकीत बसले ते उठता येईना, आम्ही दोघींनी ओढून काढलं. त्यात हे स्वतःच हसायला लागले. चौथ्या गाडीत धरायला भिंतीला दांडी होती, डाव्या हाताला, अगदी जिथे हवी तिथे. बाईनं नळी लावून टाकी भरली. पंप कसा चालू करायचा ते मी दाखवलं. ते तिनं तळहातावर लिहून घेतलं. यांनी आत जाऊन दार लावलं. आम्ही दोघी बाहेर उभ्या. बराच वेळ झाला. मी मनात देवाचं नाव घेत होते, ती बाई उगाच आरसा पुसत होती. मग आतून पाण्याचा आवाज आला. हे बाहेर आले, बस तपासून आल्यासारखं तोंड करून म्हणाले, पाणी येतं. एवढंच. पण चार वर्षं जो खांदा वर ओढलेला होता ना, तो खाली आलेला मी पाहिला. मग तासभर गाडीखाली शिरून इंजिन, टायर, ब्रेक सगळं स्वतः बघितलं, आणि बाईला समजावूनही दिलं. ती म्हणाली, काका, पुढच्या गिऱ्हाइकाला हेच सांगीन. ओरखड्यापोटी किंमत कमी करून घ्यायचं काम मी केलं.

घरी आल्यावर हातपाय धुऊन हे देवापुढे उभे राहिले, जे एरवी माझ्यावर सोपवलेलं असतं. म्हणाले, हिच्याकडून घेतलेला शब्द मी परत देतो. आणि मला म्हणाले, लिही तिला, सगळं लिही, कोटाचंही लिही. त्या दिवशी मी पोटभर जेवले, आणि चार वर्षांत पहिल्यांदा अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागली. काल नदीपर्यंत जाऊन आलो. दोनदा थांबलो. एकदा समोरून यांच्या ओळखीची बस आली, यांनी खिडकीतून हात केला आणि पडदा ओढून घेतला. जणू चहा प्यायला थांबलो होतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू बोलावणं थांबवलंस, ते बरोबरच होतं, तुला जे ठाऊक होतं त्यावरून. म्हणून बोलाव असं मी म्हणत नाही. आम्ही तुझ्या घरात राहायला येत नाही, आमचं घर आम्ही बरोबर घेऊन येतोय. फक्त ते उभं करायला जागा हवी. तुमच्या घराला फाटक आहे, आत कडेला मोकळी जागा आहे, एवढं मला लग्नाच्या वेळचं आठवतं. माप आठवत नाही. गाडी रुंदीला सात फूट आठ इंच आहे. तू टेपनं फाटक मोजून आकडा कळव. मनात अजून काही असेल तर बाकी एक अक्षर लिहू नकोस, मायना नको, सही नको, नुसता आकडा लिही. आकडा आला की आम्ही निघू. हे मागे उभे राहून सांगतायत, लिही, बाजूचे आरसे दुमडतात, फाटक जरा अरुंद असलं तरी मी गाडी आत घेईन. तरी मोजच, आणि उलट टपाली कळव.

तुझीच,
आई