आधी फ्रिज घुरघुरला

इंद्रजीत,

मोनालीची कामाची बॅग घेऊन जातेय. पक्कड, टेस्टर, मल्टिमीटर, रबरी हातमोजे, टेपची गुंडाळी, सगळं तिच्या कष्टाचं आहे. जो पेचकस तू तिच्या अंगावर फेकलास, तो वाकलाय. तो तुलाच ठेवलाय. दवाखान्यातून तिला परस्पर पाचोडला तिच्या माहेरी नेते. हात बरा झाला की शेंद्र्याच्या कारखान्यातलं काम ती घेणारच.

मेन बंद करायला ती विसरली, असं तू डॉक्टरांना सांगितलंस. मी स्वयंपाकघरात होते, ती बाहेरच्या खोलीत शिडीवर चढून वायर जोडत होती. फ्रिज बंद होता. आधी तो घुरघुरला, मग ती किंचाळली आणि शिडीसकट खाली आली. मी धावत आले तर मेनच्या खटक्यावर तुझा हात होता. ती जमिनीवर तडफडत होती आणि तू विचारत होतास, "जाशील आता शेंद्र्याला?"

पोलिसांना एवढंच सांगणार आहे. आई आहे म्हणून गप्प बसेन, असं धरून चालू नकोस.

तुझे वडील चाळीस वर्षं हेच काम करत होते. शिडीवर चढण्याआधी मीटरजवळचा फ्यूज काढून खिशात टाकायचे, म्हणजे मागून कुणी लाइट चालू करायला नको. घरातही तसंच. मी हसायचे, "इथं कोण वैरी बसलाय तुमचा?"

परवा मोनालीही फ्यूज काढायला निघाली होती. मीच म्हणाले, "घरचंच काम आहे गं, नुसता मेन बंद कर."

आई