दोऱ्याची खडीसाखर

बाई, माणसाच्या तोंडात आधी खडीसाखर घालायची, मग त्याला सवाल करायचा, आणि ते गप्प राहिलं की 'हो म्हणाली' असं धरून गाडीत बसून निघून जायचं, ही कुठली रीत झाली? बरं, एवढ्यावर थांबलात का? नाही. ती रीत सामानात बांधून आफ्रिकेत नेलीत आणि तिथं गावोगाव लावून दिलीत. आता तिकडच्या बाया येत्या रविवारी माझ्या दारात येणार आहेत, मी चालवते तो वर्ग बघायला. कोणता वर्ग, बाई? तुमी इथून गेलात त्याच साली कापूस वेचणीला तो मोडला. तुमी तिकडं मातीत निवांत झोपलात, निस्तरायचं मात्र मी.

माझ्या लिहिण्याला हसू नका, तुमचंच शिकवलेलं आहे. 'बोलताना हाय म्हण, लिहिताना आहे लिही,' हे तुमचं अजून पाळते. पण 'तुमी'चं 'तुम्ही' काही हाताला बसलं नाही, आणि आता या वयात बसणारही नाही.

प्रार्थनाघराच्या ओसरीवर वर्ग भरायचा ते मला काल-परवासारखं दिसतं. दुपारची वेळ, भांडी घासून झालेली, बायका पदराला हात पुसत येतात. ख्रिस्ती मंडळीतल्या असतात तशा बाहेरच्याही असतात, कारण तुमी कुणाला देव विचारत नाही, पाटी देता. मी नवी सून. शाळा दुसरीतून सुटलेली, म्हणून अक्षरं थोडी आधीच येत होती, आणि त्या थोड्याचा मला लय ताठा. माझ्या शेजारी ती बांगड्या भरणारी म्हातारी बसायची. बोट पाटीवर ठेवून 'भा' म्हणायची आणि तिथंच थांबायची. तिचं 'भा' ऐकून ऐकून माझ्या अंगाला मुंग्या यायच्या. एक दिवस राहवलं नाही.

"भाकर गं माय, भाकर," मी म्हणाले. "जलमभर थापायलीस अन् वाचता येईना व्हय?"

सगळ्या हसल्या. म्हातारीही हसली, पण तिनं पाटी उलटी करून खाली ठेवली. तुमी हसला नाहीत. "तिच्या तोंडचा घास काढून घेतलास," एवढंच म्हणालात. "लेकराला रोज चावून भरवलं तर त्याला दात कशाला येतील?"

दुसऱ्या दिवशी तुमी पूर्णेच्या बाजारातून खडीसाखर आणली, दोऱ्याची, तुळतुळीत खडे दोऱ्याला लागलेले असतात ती. एक खडा दोऱ्यासकट तोडून माझ्या तळहातावर ठेवलात. "तोंडात धर. विरघळून नुसता दोरा राहील तोवर बोलायचं नाही. चावलीस तर मला जबड्यावरून कळतं." मला वाटलं होतं बाई गोड बोलून समजूत काढतील, तुमी गोड घालून तोंडच बंद केलंत. त्या दिवसापासून रोज तेच. बायका म्हणायच्या, "घातला का गं लगाम बाईनं?" आणि मला उलटून बोलताही येईना. पण एक खरं सांगते. पहिल्याच दिवशी, माझा खडा निम्मा झाला असेल, आणि म्हातारी तिच्या तिच्या चालीनं 'कर'पर्यंत पोचली. मग तिनं वर बघितलं. कुणी सांगितलं नव्हतं तिला. तसं तोंड मी कुणाचं पाहिलं नव्हतं. पाहणार कधी, मीच बोलत असायची.

शनिवारी तुमी आणखी एक करायचात. आमच्याकडं पाठ करून ओसरीच्या टोकाला तांदूळ निवडत बसायचात. कुणी हाक मारली तर, "मी आलेच नाही आज, तिला विचारा." तिला म्हणजे मला. मला वाटायचं, बाईला कंटाळा आला. तुमी म्हणायचात, "मी असताना वर्ग भरला तर मी नुसती बसले. मी नसताना भरला तरच मी शिकवलं." बोलायला सोपं आहे हो.

मग एक दिवस, बाजाराला निघाल्यासारखं, तुमी सांगितलंत की मिशननं आफ्रिकेत बोलावलंय. तिथल्या खेड्यांत बायकांना लिहा-वाचायला शिकवायचं, आणि नुसतं शिकवायचं नाही, शिकवणाऱ्या तयार करायच्या. मी विचारलं, "इथल्या बाया संपल्या का?" तुमी म्हणालात, "इथं तू आहेस की." मी ते हसण्यावारी नेलं. बाई, माझ्यासारखीला कुणी असं म्हणतं का, सरळ अर्थानं?

पूर्णेच्या फलाटावर आमी सगळ्या आलो होतो. गाडी उशिरा. बाकीच्या रडत होत्या, मी भांडत होते. तिथल्या पाण्यापासून तुमच्या मोडक्या पेटीपर्यंत सगळ्यावर बोलत होते. तुमी पिशवीतून पत्र्याची डबी काढली, एक खडा माझ्या तोंडात घातलात. "जरा गप्प." म्हणून मी गप्प. लय वेळानं गाडी आली, हमाल ओरडायला लागले, तुमी डबी माझ्या हातात दिलीत आणि तेव्हा, त्या गोंधळात, विचारलंत, "वर्ग सांभाळशील?" मी काही बोलले नाही. तुमी माझ्या गालाला हात लावलात आणि डब्यात चढलात. झालं. तेवढंच.

वर्ग थोडे दिवस भरला, कारण सवय होती. मग वेचणी आली, मला दिवस गेले, निम्म्या बायका ऊसतोडीला गेल्या. मला कुणी 'बाई' म्हणेना, आणि मीही कुणाला बोलवायला गेले नाही. मनाशी म्हटलं, मी कुठं हो म्हणाले होते? काही वर्षांनी तुमी तिकडंच तापानं गेल्याची खबर आली. तेव्हाच्या पाळकानं उपासनेत सांगितलं. सगळे प्रार्थनेला उभे राहिले, मी बसून राहिले. राग होता. डबीतली साखर तोवर मुंग्यांनी नेली होती.

आता गेल्या रविवारचं ऐका. उपासना झाली आणि आताचा पाळक, माझ्या लेकाच्या वयाचा, मोबाईल घेऊन माझ्याकडं आला. "मावशी, बसा इथं. आफ्रिकेतून बोलायलेत." पडद्यावर एक बाई. डोक्याला रंगीत फडकं बांधलेलं, माझ्याएवढीच असेल. मला बघून ती अशी हसली की जणू आमी एका चुलीवरचं जेवलोय. तुमी तिला शिकवलंत, आता तिच्या हाताखाली गावोगावच्या शिकवणाऱ्या आहेत. ती बोलायची, पाळक मराठीत सांगायचा.

तिच्याकडं शिकवणारी नेमायची झाली की सगळं गाव जमतं म्हणे. त्या नव्या शिकवणारीच्या तोंडात साखरेचा खडा देतात. मग विचारतात, वर्ग सांभाळशील? ती बोलत नाही. खडा विरघळेपर्यंत सगळं गाव तिच्याबरोबर गप्प बसतं, आणि तिचं ते गप्प राहणं म्हणजे शब्द दिला. का, तर बाईंच्या देशातल्या बाईनं असाच शब्द दिला होता आणि तिचा वर्ग आजही चालू आहे. बाई, मला घाम फुटला. पाळकाला वाटलं उकडतंय, त्यानं पंखा वाढवला.

मग ती म्हणाली, आमी चौघी हैदराबादला बैठकीला येणार आहोत, तिथून पुढच्या रविवारी तुमच्या गावाला येतो. वर्ग कसा चाललाय? पाळकानं माझ्याकडं बघितलं. मी गप्प. यावेळी तोंडात काही नव्हतं, तरी गप्प. ती टाळ्या वाजवून हसायला लागली. हेही तिनं हो धरलं.

गावात गोष्ट लपते का? दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते आणि मेंढरंवाली धनगरीण दारात. मागच्या महिन्यात परभणीच्या स्टँडवर ती लेकीकडं पेडगावला जायला निघाली आणि वालूरच्या गाडीत बसून भलतीकडं पोचली. तेव्हापासून सगळे तिला 'वालूरकरीण' म्हणतात.

"पाव्हणे यायलेत म्हणं तुझ्या वर्गाला. कुठं हाय वर्ग?"

"न्हाई."

"मंग मला घे. उगं एक तरी बाई दिसंल." चुलीपुढं बसलीच ती. "मला तुमच्या देवाचं काय न्हाई बरं का. पेडगावची पाटी वाचायची हाय, तेवढं शिकव."

मी तिला दम धर म्हटलं. किराणा दुकानात जाऊन खडीसाखर आणली. दोऱ्याची नव्हतीच त्याच्याकडं, साधी मिळाली. खडा तोंडात धरला, जमिनीवर कोळशानं 'पेडगाव' लिहिलं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून दोन-तीनदा म्हणून दाखवलं, खडा गालात सरकवून. मग बोट काढून घेतलं.

"एकटीच खायलीस? मला न्हाई देत?"

मी नाही अशी मान हलवली. ती 'पे'वर आली. मग थांबली. बाई, काय थांबली ती. मेंढरं हाकतानासुद्धा हिचा पाय उचलत नाही, एवढी सावकाश बाई नसेल जगात. 'ड' माझ्या ओठापर्यंत आला होता. तव्यावरची भाकर करपली, मी उलटली नाही, कारण उठले असते तर बोलले असते. शेवटी ती म्हणाली, "ड." आणि वर बघितलं. तेच तोंड, बाई.

"पेड झालं," म्हणाली पदर झटकत. "गाव उद्या. ते काय पळून जायलंय का." आणि माझी करपलेली भाकर घेऊन गेली. काल आली, आजही आली. आज येताना जावेला घेऊन आली.

आता रविवारी मी काय सांगू? वर्ग नव्हता, मी हो म्हणालेच नव्हते, असं सांगितलं तर तिकडं ज्या ज्या बाया तोंडात खडा धरून उभ्या राहिल्या त्यांच्या शब्दाचं काय? आणि गप्प बसले तर या दोन जावांना बसवून वर्षानुवर्षांचा वर्ग म्हणून दाखवू? पाळक म्हणतो, बाईंना काही लिहायचं असेल तर लिहा, पाहुण्या नेतील, कबरीवर ठेवतील. हे पत्र तर त्यांच्या हातात देणारच नाही. वाटेत कुणाकडून तरी वाचून घेतील. पिठाच्या डब्याखाली ठेवते, तिथं माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही.

आणि एक राहिलं. गाडी उशिरा आली होती, बाई. तुमी विचारलंत तेव्हा माझ्या जिभेवर नुसता दोरा होता. साखर केव्हाच संपली होती. मला नाही म्हणता आलं असतं. तुमाला जबड्यावरून सगळं कळायचं. मग हेही कळलं होतं का? कळलं होतं म्हणूनच तेव्हा विचारलंत का? एवढ्याचा जवाब मला शनिवारपर्यंत पाहिजे. तोवर मी कुणाला काही बोलत नाही.