दाजींचं कॉम्प्लिमेंट

पुणे, ३ ऑगस्ट १९९८

ती. स्व. सावळेरामदादास,
साधनाचा शि. सा. नमस्कार.

डिंगोऱ्याच्या वावरात ह्यांच्या पायात काटा मोडला. तो ह्यांनी गंजक्या खिळ्याने उकरला आणि आता जंतू रक्तात गेलेत, म्हणून इथे दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणतात, रक्तातलं कॉम्प्लिमेंट फार कमी झालंय, लक्षण बरं नाही. मला काही कळलं नाही, नुसती मान हलवली. गेणभाऊ मास्तरांना अर्थ विचारशील का? तुझा पाय प्लास्टरात आहे, धडपडत येऊ नकोस. फार भीती वाटते, दादा.

माया आहेच, ती राहू दे.
तुझी साधना

महाळुंगे पडवळ, ७ ऑगस्ट

श्री. सुभाषदाजी यांस,
सा. न. वि. वि.

मास्तरांनी डिक्शनरी काढली. कॉम्प्लिमेंट म्हणजे कौतुक. रक्तातलं कौतुक कसं मोजतात, असं विचारलं, तर म्हणाले विज्ञान लई पुढे गेलंय. लग्नापासून मी तुमची टिंगलच करतोय, मग ते रक्तात साठणार कुठून? तर आता भरून देतो. तुमच्यासारखा कांदा तालुक्यात कुणाचा नाही. मिशा रुबाबदार आहेत. भजनात तुम्ही आवाज लावला की लोक उठून जातात, ते डोळे पुसायलाच जात असणार. साधने, हे जेवणानंतर दोन वेळा वाचून दाखव.

तुमच्या गुणांचा भुकेला,
सावळेराम

पुणे, ११ ऑगस्ट

ती. स्व. दादास,
शि. सा. न.

ताप उतरत होता. तुझं पत्र वाचलं आणि हे पांढरेफटक पडले. म्हणाले, सावळ्या माझं कौतुक करतोय, म्हंजी मी काय आता वाचत नाय. बैलजोडी धाकट्या भावाला, भागूला द्या, असं सांगून भिंतीकडे तोंड करून निजले.

डॉक्टरांना पत्र दाखवलं. ते पोट धरून हसले. हे कॉम्प्लिमेंट वेगळं, इंग्रजीत एका अक्षराचा फरक. ती रक्तातली प्रथिनं. एक जागं झालं की दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि सगळी मिळून जंतूच्या अंगाला भोक पाडतात. जंतूच इतके होते की लढता लढता प्रथिनं संपत आली. आता औषधाने जंतू मरताहेत आणि प्रथिनं पुन्हा भरताहेत. पण ह्यांचा रिपोर्टवर विश्वास नाही, तुझ्या पत्रावर आहे. घास तोंडात घेत नाहीत. असं चाललं तर हातचा माणूस जाईल. मिळेल त्या गाडीने शिव्या पाठव.

घाईत,
साधना

महाळुंगे पडवळ, १३ ऑगस्ट

दाजी,

नमस्कार घालत नाही. बैल वाटायला तुम्हाला सांगितलं कुणी? खिळ्याने काटा काढणारा तुमच्यासारखा येडा दोन्ही तालुक्यांत सापडायचा नाही. मुकाट्याने पेज प्या. तुम्ही गेलात तर मी भांडू कुणाशी? साधनाचं पत्र आल्यापासून माझ्याही घशाखाली घास उतरत नाही. हे कौतुक समजू नका.

लोभ नसला तरी चालेल, भांडायला या.
सावळ्या